आनी, पानी आणि भक्ती बर्वे

सातवीत असताना मला वर्गात उभं करून ‘पाणी’ म्हणायला लावलं होतं. एकदा नाही, सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी मी ‘पानी’च म्हणाले. कऱ्हाडच्या पलीकडे आमच्या गावात विहिरीला पानीच लागायचं, लोनी कढवलं जायचं, आणि कोनी कोनाला त्यावरून हसत नसे. शाळा तालुक्याला होती, तिथे हसायचे. जीभ वर टाळूकडे वळवायची, एवढीच काय ती गोष्ट. पण चाळीस पोरं बघत असली की जिभेला वळायचं कसं ते आठवत नाही.

त्याच वर्षीच्या गॅदरिंगला नववीतल्या एका मुलीनं ‘ती फुलराणी’मधलं स्वगत केलं. परकर खोचलेला, हातात टोपली, आणि तोंडानं मास्तरच्या नावानं नुसती आग. ती मुलगी वकिलाच्या घरातली, बोलायला अगदी रेडिओसारखी. पण त्या सात-आठ मिनिटांत तिच्या तोंडून आमच्या आळीतल्यासारखे न आणि स पडत होते. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या त्या मला उभं करणाऱ्या बाई. मला कळेचना. मी म्हटलं की अशुद्ध, हिनं म्हटलं की अभिनय?

घरी येऊन आप्पांना विचारलं. आप्पा नाटकवेडे, पण नाटकं बघितली ती बहुतेक ऐकूनच. म्हणाले, “ती भक्ती बर्वेची नक्कल करत हुती. खरी फुलराणी भक्ती बर्वे. आन् ती बाई आदी बातम्या वाचायची.”

बातम्या! त्या वयात ‘शुद्ध’ म्हणजे काय याची माझी व्याख्या एकच होती, बातम्यांमधलं मराठी. आणि बातम्या वाचणारीच बाई ‘अशुद्ध’ बोलून महाराष्ट्रात अजरामर झाली, ही गंमत मला तेव्हापासून सोडत नाही.

पुढे मी ‘त्या’ न म्हणता ‘ती’ म्हणणार आहे. एरवी मी वयानं मोठ्या माणसांना एकेरीत आणत नाही. पण आपण नट्यांना, नद्यांना आणि आईला ‘अगं’ म्हणतो, आणि शिवाय नाटकाच्या नावातच ती ‘ती’ आहे.

भक्ती बर्वेचा जन्म १९४८चा. सुरुवात सुधा करमरकरांच्या लिटिल थिएटरच्या बालनाट्यांतून. लिटिल थिएटरनं मुलांची नाटकं गंभीरपणे घेतली. मुलांचं म्हणून काहीतरी थातुरमातुर उरकलं नाही. बालप्रेक्षकासमोर काम करणं ही जबर तालीम असते, कारण मोठी माणसं कंटाळली तरी मान डोलवतात, मुलं सरळ चिवडा मागतात. शब्द शेवटच्या रांगेतल्या सात वर्षांच्या पोराला कळला नाही तर पोर बाजूच्याला जोरात विचारतं, “काय म्हणाली?” स्पष्ट बोलण्याचं याहून चांगलं शिक्षण मला तरी ठाऊक नाही.

मग आकाशवाणी मुंबई, तिथे निवेदन. मग मुंबई दूरदर्शन. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि त्या पहिल्या वर्षांत मराठी बातम्यांना जे चेहरे लाभले त्यांत नाटक-सिनेमावाले बरेच. स्मिता पाटील तिथे बातम्या वाचायची, भक्ती बर्वे वाचायची. आता विचार केला की नवल वाटतं. बातम्या वाचणं म्हणजे नटीला आपलं सगळं सामान बाहेर ठेवून आत यायला सांगणं. भुवई उचलायची नाही, आवाज ओला करायचा नाही, अपघातात इतके ठार म्हणताना हळहळायचं नाही. कागदावरून नजर उचलायची, कॅमेऱ्याकडे बघायचं, पुन्हा कागद. उरतं काय? उच्चार, श्वास आणि वाक्याचं वजन नेमक्या शब्दावर टाकणं. नाटकवाले ज्याला शब्दफेक म्हणतात ती, पण हात-पाय बांधून.

म्हणजे एकाच गळ्याला तीन वेगळी मापं. रंगमंचावर बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचं, आणि तेही ओरडल्यासारखं न वाटता. रेडिओवर माईक ओठांपासून वीतभर लांब, तिथे जरा जास्त झालं की ऐकणाऱ्याच्या कानात घुसतं. आणि टीव्हीवर आवाजापेक्षा डोळे आधी खोटं बोलताना पकडले जातात. अष्टपैलू हा शब्द आपण सत्कारसमारंभात इतका झिजवलाय की त्यात काही उरलेलं नाही. अर्ध्या पत्रिकांमध्ये तो शालीबरोबर फुकट येतो. पण या तीन मापांमध्ये रोज ये-जा करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं तेही सुचत नाही.

१९७५ला ‘ती फुलराणी’ आलं. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकाचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं रूपांतर, इंडियन नॅशनल थिएटरची निर्मिती. प्रोफेसर अशोक जहागीरदार झाला सतीश दुभाषी, आणि फुलं विकणारी मंजुळा साळुंके झाली भक्ती बर्वे. भाषाशास्त्राचा प्रोफेसर पैज लावतो की या गटारातल्या बोलीला मी सहा महिन्यांत राजघराण्यात नेऊन बसवीन. कथा सगळ्यांना माहीत आहे.

पण इंग्रजीतून मराठीत येताना त्या कथेचं काय झालं, याकडे आपण फारसं बघत नाही. शॉच्या नाटकात उच्चारावरून माणसाचा वर्ग कळतो. मराठीत ‘आनी-पानी’वरून वर्ग तर कळतोच, पण गाव कळतं, आणि ज्याला कळून घ्यायची खाज आहे त्याला जातही कळते. मंजुळेच्या न आणि ण मध्ये एवढं सगळं अडकलेलं आहे. पु. लं.नी ते मुद्दाम मांडलं नाही, प्रहसनाच्या ओघात जाऊ दिलं. त्यांचा पिंडच तसा. मला मात्र ते नाटक बघताना निव्वळ हसता येत नाही. प्रोफेसर तिच्या बोलण्याची टर उडवतो आणि नाट्यगृह हसतं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सातवीचा वर्ग येतो.

तिच्या नावाचीही एक गंमत आहे. मंजुळ म्हणजे कानाला गोड लागणारं. जिचं बोलणं ऐकून प्रोफेसर कानावर हात ठेवतो तिचं नाव मंजुळा, आणि त्या नावातच ळ बसलाय, जो तिच्याच वस्तीत कित्येकांना नीट म्हणता येत नसेल. आणि आडनाव साळुंके. साळुंकी म्हणजे मैना, शिकवलं की माणसासारखं बोलणारी. पु. लं.नी हे ठरवून केलं की आपोआप झालं, देव जाणे. मला हे सुचलं तेव्हा मी बसमध्ये होते आणि शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं होतं.

आता ते स्वगत. मास्तरनं अपमान करून झाल्यावर मंजुळा एकटी उरते आणि त्याला अद्दल कशी घडवीन याची स्वप्नं रंगवते. धडा शिकवायची ती धमकी महाराष्ट्रात म्हणीसारखी वापरली जाते. ज्यांनी नाटकाचं तिकीट कधी काढलं नाही त्यांनाही ती तोंडपाठ असते. मी ते प्रत्यक्ष रंगमंचावर बघितलेलं नाही, हे कबूल करते. रेकॉर्डिंगवर बघितलं, किती वेळा ते मोजलं नाही.

नक्कल करणाऱ्या मुली पहिल्या वाक्यापासून पेटतात. कमरेवर हात, गळ्याच्या शिरा ताठ, मिनिटभरात आवाज फाटतो आणि मग पुढे जायला वाटच उरत नाही. भक्ती बर्वे तसं करत नाही. राग तिच्यात थांबून थांबून येतो. मध्ये ती स्वतःच्याच कल्पनेवर खूश होते, लहान मुलीसारखी हरखते, आपण मोठी बाई झालो की काय काय होईल याचं चित्र बघता बघता मास्तरला विसरूनच जाते. मग एकदम आठवतो तो, आणि आवाज पुन्हा तापतो. म्हणजे स्वगताच्या पोटात रागाइतकंच स्वप्न आहे. नकलेत स्वप्न गळतं आणि नुसता राग उरतो.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हाळ्याची. ती उच्चारांवर हशा घेत नाही. घेता आला असता, आयता होता. शहरातल्या शिकलेल्या नटीनं गावठी बोलून दाखवायचं आणि प्रेक्षकानं ‘बघा कशी बोलते’ म्हणून हसायचं, हा आपल्याकडचा जुना धंदा आहे, मोलकरणीच्या भूमिका त्यावरच चालतात. भक्ती बर्वेच्या मंजुळेकडे बघताना मला एकदाही असं वाटलं नाही की कुणीतरी आम्हांला नाकानं सोलतंय. ती न म्हणते तेव्हा तो न चुकलेला ण नसतो. तिच्या दृष्टीनं तो बरोबरच असतो. बातम्यांमधला ण जितका ठाम, तितकाच हा न ठाम. हे फक्त त्यालाच जमतं ज्याला दोन्ही मनापासून येतात.

आणि नाटकाचा निकाल बघा. प्रोफेसर पैज जिंकतो, मंजुळा सुसंस्कृत बोलायला लागते, उत्तरार्ध सगळा त्या शुद्ध मराठीत होतो. त्यातलं कुणाला काय आठवतं? मी वीसेक जणांना विचारून बघितलं असेल. कुणालाही शुद्ध मंजुळेचं एक वाक्य धड सांगता आलं नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं ते गटारातलं मराठी. माझ्या मते भक्ती बर्वेनं प्रोफेसरला हरवलं ते तिथेच, पूर्वार्धात, पैज संपायच्या कितीतरी आधी.

पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा चांगल्या चांगल्या नट्यांनी मंजुळा केली. प्रत्येकीला आधी भक्ती बर्वेचा आवाज कानातून काढावा लागला असणार, आणि प्रेक्षकांच्या कानातून तो निघणार नाही हे माहीत असूनही उभं राहावं लागलं असणार. मला त्यांच्या धैर्याचं कौतुक जास्त वाटतं.

सिनेमा तिच्या वाट्याला तसा कमीच आला. पण एक आला तो असा की बाकीच्यांची उणीव भासू नये. १९८३चा ‘जाने भी दो यारों’, कुंदन शाहचा. आमच्याकडे तो दूरदर्शनवर लागला तेव्हा आप्पा एकदम ओरडले, “आरं, ही तर आपली बातम्यांवाली!” त्यात ती शोभा सेन आहे, ‘खबरदार’ नावाच्या वृत्तपत्राची संपादक. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन भाबडे फोटोग्राफर तिच्यासाठी बिल्डरांच्या भानगडींचे पुरावे गोळा करत फिरतात. करारी, हुशार, देखणी संपादक, आणि दोघांतला एक तर तिच्यावर भाळलेला. हळूहळू उमगतं की बाईंना भ्रष्टाचार उघड करायचा नाहीये, त्याचा भाव ठरवायचाय.

त्या भूमिकेला कुणी दुसरी घेतली असती तर खलनायिका झाली असती. भक्ती बर्वेची शोभा खलनायिका वाटत नाही, हीच तिची दहशत. ती खोटं अगदी बातमीच्या सुरात बोलते. महाराष्ट्रानं ज्या आवाजावर रोज संध्याकाळी विश्वास ठेवला तोच आवाज, तोच तोल, भुवईही न हलवता केलेलं तेच निवेदन, फक्त आत माल वेगळा. सगळ्या सिनेमात बाकीचे धुमाकूळ घालत असतात: सतीश शाह शवपेटीतूनसुद्धा हशे वसूल करतो, ओम पुरी झिंगून गाडी हाकतो, शेवटी महाभारताचा प्रयोग उधळला जातो. त्या सगळ्या गोंधळात एकटी शांत बाई म्हणजे शोभा. हिंदी प्रेक्षकांतल्या पुष्कळांना आजही तिचं नाव ठाऊक नाही, ‘ती एडिटर’ एवढंच ठाऊक आहे. मला त्याचा राग यायचा. आता येत नाही. त्यांचं नुकसान.

मराठी रंगभूमीवर मात्र ती एका जागी बसली नाही, आणि हे मला विशेष वाटतं, कारण ‘ती फुलराणी’सारखं यश पायात साखळी होऊन पडतं. विजया मेहतांबरोबर ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलं. जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक, चिं. त्र्यं. खानोलकरांचं मराठी. दूरदर्शनवर बहिणाबाई केली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या मुलानं टिपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. म्हणजे ती कविता मुळात तोंडातलीच, कागद नंतरचा. खानदेशी लेवा बोलीतली ती ओळ तोंडात घेताना बातम्यांमधली जीभ पूर्ण विसरावी लागते, आणि मंजुळेचीही विसरावी लागते, कारण मुंबईच्या फुटपाथवरचं मराठी आणि जळगावच्या शेतातलं मराठी यांत कृष्णा आणि तापीइतकं अंतर. ‘ग्रामीण’ नावाची एकच बोली आहे आणि ती कुठेही चालते, असं समजणारे नट मी इतके बघितलेत की या फरकाचं मोल मला फार वाटतं.

मी तिला प्रत्यक्ष रंगमंचावर बघितलं ते ‘आई रिटायर होतेय’मध्ये. पुण्यात, बालगंधर्वला. मी कॉलेजात होते, होस्टेलवर राहायचे, आणि तोपर्यंत घासून घासून माझा ण पैलतीरी पोचवला होता. अशोक पाटोळ्यांचं नाटक: घरातली आई एके दिवशी जाहीर करते की मी आता निवृत्त होते, स्वयंपाक-धुणी-उस्तवार सगळ्यातून. आज त्याची कल्पना फार धाडसी वाटणार नाही. तेव्हा नाट्यगृहातल्या बायका खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. मध्यंतरात स्वच्छतागृहाच्या रांगेत एक जण दुसरीला म्हणाली, “हे घरी जाऊन सांगायचं नाही हं, सासूबाईंनी ऐकलं तर त्या आधी रिटायर होतील.” नाटकातल्या कितीतरी वाक्यांपेक्षा मला हे वाक्य लक्षात राहिलं.

आणि आठवतो तिचा एक पॉज. आईनं काहीतरी साधं म्हणायचं होतं, चहाबिहाबद्दल. ती बोलायला लागली आणि थांबली. मंचावर काही घडत नव्हतं. इतकी मोठी रंगमंदिराची खोली, कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तिनं ते वाक्य पूर्ण केलं, अगदी घरगुती आवाजात, आणि तो मागे आमच्या स्वस्तातल्या रांगेपर्यंत आला. कुठून आला कळलं नाही. ओरडली नव्हती हे नक्की.

‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये ती कस्तुरबा होती. बापू आणि थोरला मुलगा हरिलाल यांच्यामध्ये सापडलेली आई, जिला कुणा एकाची बाजू घेण्याची सोयच नाही. ते मी बघायचं राहिलं, परीक्षा होती. परीक्षेत काय आलं होतं ते आता आठवत नाही.

१९९०ला तिला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ला नवरा गेला, शफी इनामदार, तोही कसलेला नट. २०००च्या १२ जूनला पु. ल. गेले. त्यानंतर ती ‘पु. ल. फुलराणी’ हा कार्यक्रम घेऊन गावोगाव फिरत होती. पंचवीस वर्षांनी पुन्हा मंजुळेपाशी. पण आता टोपली आणि परकराशिवाय, एकटी. त्या कार्यक्रमाचा वाईला प्रयोग करून मुंबईला परतताना एक्स्प्रेस वेवर भाताणच्या बोगद्याजवळ गाडीला अपघात झाला. तारीख १२ फेब्रुवारी २००१. बावन्न वर्षांची होती.

ज्यांनी दौरे केलेत त्यांना हा रस्ता माहीत आहे. रस्ता कुठलाही असो, प्रयोगानंतरचा तो प्रवास. मेकअपचं क्रीम कानामागे राहिलेलं, घसा बसलेला, डोळ्यांवर झापड, आणि डोक्यात अजून शेवटचा प्रवेश चालू. मराठी नाटक त्या परतीच्या प्रवासांवर उभं आहे. बातमी कळली तेव्हा मी ऑफिसात होते. आप्पांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “कुनी वाचली बातमी?” मला वाटलं वर्तमानपत्राबद्दल विचारतायत. ते टीव्हीबद्दल विचारत होते.

आता हे सगळं लिहायला बसण्याचं कारण. माझ्या भावाच्या मुलीला शाळेत एकपात्री स्पर्धा आहे आणि तिनं निवडलंय, अर्थातच, फुलराणीचं स्वगत. परीक्षक मनातल्या मनात कपाळाला हात लावणार, पण मुलींना दर पिढीला तेच हवं असतं. तिनं रेकॉर्डिंग बघून पाठ केलंय. हातवारे बरोबर, चढउतार बरोबर. अडलंय एकाच ठिकाणी. शहरात वाढलेली, घरी-दारी प्रमाण मराठी. तिच्या तोंडात न बसतच नाही. ‘पानी’ म्हणायला गेली की आधी जीभ टाळूकडे जाते, मग ती मागे ओढते, आणि बाहेर येतं ते काहीतरी तिसरंच.

“आत्या, तू म्हणून दाखव ना. तू गावची आहेस.”

मी म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली. “असं नाही. तू पण मुद्दाम म्हणतेयस.”

दोन-तीनदा म्हटलं. पोरीचं बरोबर होतं. माझाही न आता चुकलेला ण झालेला होता.

मग गावाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आईनं उचलला. म्हटलं, “आई, नुसतं पाणी म्हण.”

“पानी? आन् ते कशापायी?”

पोरगी फोनपाशी वाकली. “आजी, अजून एकदा.”

“आगं पानी, पानी! तहान लागलीया का तुला? तिकडं कुनी देत न्हाई व्हय?”

पोरीनं वही पुढे ओढली आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेतलं.